पायाखाली पाट

सकाळी ६

जाग आली तरी पहिला तासभर मी कमरेत वाकत नाही. अंगण झाडणे, न्हाणीतली बादली उचलणे, खालच्या फडताळातले पातेले काढणे, सगळे नंतर. रात्रभर आडवे पडल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. त्यामुळे माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी सेंटिमीटरभर उंचच भरतो. फुगलेल्या चकतीला वाकणे जड जाते. उठल्या उठल्या वाकायचे टाळले तर जुनी कंबरदुखी कमी होते, हे अमेरिकेत स्टोव्हर स्नूक यांनी १९९८ साली रुग्णांवर पाहून लिहिले. आमच्या माईंना, म्हणजे सासूबाईंना, हे समजावताना माझी भंबेरी उडाली होती. “सुनेची पाठ सकाळी भिजलेली असते,” असे त्या शेजारणींना सांगतात. शास्त्राच्या दृष्टीने तसे चुकीचेही नाही.

चहा उभ्यानेच होतो. श्रावणातला पाऊस कौलांवरून धो धो उतरत असतो. साडेसहाच्या सुमाराला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू येतो, पों-पों, आणि छत्री घेऊन फाटकापर्यंत जाऊन उंडे घ्यायचे. परत येताना अंग मोकळे झालेले असते.

७ ते ८.३०

डबा, वेणी, शाळेची बस, माईंची रक्तदाबाची गोळी. या दीड तासात मी एकदाही टेकत नाही. पुढच्या आठ तासांची भरपाई आगाऊच झाली, अशी माझी समजूत मी करून घेते. ती खरी नाही. सकाळी अशी धावपळ केली म्हणून पुढे सलग बसण्याचे नुकसान पूर्ण भरून निघतेच असे नाही.

८.३०

मी मराठी मजकुराची अक्षरजुळणी आणि भाषांतरे करते, घरूनच. गाव मये, तालुका डिचोली. या दिवसांत टेबलावर दोन कामे आहेत. एका दिवाळी अंकाची पाने, आणि पेडण्याकडच्या एका नाट्यमंडळाची संहिता. जुन्या हस्तलिखित वहीतले ऐतिहासिक नाटक, जत्रेच्या रात्री करायचे. गोव्यात जत्रेला मराठी नाटक नसेल तर लोक देवालाच विचारतील, यंदा काय झाले म्हणून.

आता बैठक. तिच्यावर मी जरा वेळ घालवते, कारण दुखण्याची निम्मी मुळे इथेच असतात.

बाजारातले लिहायचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच येते. मी पाच फूट. पाय जमिनीला टेकवून खुर्चीवर बसले की माझे कोपर जमिनीपासून ६०-६२ सेंटिमीटरवर असते. म्हणजे कळफलक कोपरापेक्षा चांगला तेरा-पंधरा सेंटिमीटर वर. मग हात वर राहावेत म्हणून खांदे उचलावे लागतात आणि ते दिवसभर उचललेलेच राहतात. संध्याकाळी मान आणि खांदा यांच्यामध्ये जी गाठ हाताला लागते ती या फरकाची. टेबलाचे पाय कापायला घरचे तयार नव्हते, सासऱ्यांचे टेबल आहे. मग खुर्ची वर घेतली. खुर्ची वर गेली की पाय लोंबकळतात, मांडीखालची कड रुतते, पावलांना मुंग्या येतात. म्हणून पायाखाली दोन विटा आणि त्यावर पाट. पूर्वी जेवणाच्या पंगतीला मांडायचे तोच. विकतच्या फूटरेस्टची गरज पडली नाही. पाट रुंद असल्याने पाय पुढे-मागे, तिरके कसेही ठेवता येतात, हा फायदाच.

लॅपटॉप हे मुळात मानेला फसवणारे यंत्र आहे. पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात नीट ठेवले तर मान खाली आणि मान नीट ठेवली तर हात वर. माणसाचे डोके पाच किलोच्या आसपास असते. ते पुढे झुकले की मानेमागच्या स्नायूंना ते धरून ठेवायची हमाली करावी लागते. माझा लॅपटॉप बांधीव दिवाळी अंकांच्या चळतीवर उभा आहे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली, अंतर हातभर. कळफलक वेगळा घेतला, आकड्यांची उजवी पट्टी नसलेला. त्यामुळे माऊस जवळ आला आणि उजवा हात बाहेर फाकायचा थांबला.

पाठ काटकोनात ठेवत नाही. शाळेत बाई पट्टी मारून ताठ बसवत, पण काटकोन ही बाकांची सोय होती, मणक्यांची नव्हे. २००६ साली स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमध्ये २२ जणांना बसत्या अवस्थेत एमआरआय यंत्रात घालून पाहिले. ९० अंशांत ताठ बसण्यापेक्षा मागे रेलून, १३५ अंशांच्या आसपास बसल्यावर चकत्या सर्वात कमी सरकल्या. प्रयोग लहान होता, आणि १३५ अंशांत बसून टंकलेखन करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण पाठीमागे उशी घेऊन थोडे रेलायला हरकत नाही, एवढा धडा मी त्यातून घेतला.

९ ते ११

नाटकाची वही. मी इनस्क्रिप्टवर टंकते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने १९८६ साली आखलेली ही पाटी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. देवनागरीत व्यंजनामागे मात्रा येते, त्यामुळे उजवा-डावा, उजवा-डावा अशी पाळी पडते आणि एकाच हातावर मार बसत नाही. रोमन अक्षरांत ‘गोवा’ (govaa) लिहायला पाच कळा लागतात, इथे चार. दिवसाला हजारो शब्द असतील तर हा फरक बोटांना कळतो.

तिची एक खोड मात्र आहे, आणि ती मराठीलाच जास्त नडते. ज, ड, च, ट आणि य ही सगळी मंडळी उजव्या करंगळीच्या वाट्याला दिलेली. सर्वात अशक्त बोट आणि सर्वात गजबजलेला कोपरा. मराठीत तर वाक्यागणिक ‘च्या’ आणि ‘ण्या’. ‘ण’साठी शिफ्ट दाबायची तीही उजव्या करंगळीनेच. ‘डिचोलीच्या’ लिहिताना करंगळी चारदा दाबली जाते, ‘पेडण्याच्या’ लिहिताना पाचदा. नाट्यमंडळाच्या मास्तरांच्या नाटकात पेडण्याचा उल्लेख दर पानावर आहे. यावर माझा उपाय असा, की करंगळी ताणून कळ गाठायची नाही, सगळा हात कोपरापासून उचलून तिकडे न्यायचा. पेटी वाजवणारे हेच करतात. मनगट टेबलाच्या कडेला टेकवून ठेवले तर हात उचलता येत नाही, म्हणून टंकताना मनगट अधांतरी, आणि टेकवायचे ते फक्त थांबल्यावर.

बोलून लिहिण्याची सोय मराठीला आली त्यालाही आता बरीच वर्षे झाली. भाषांतराचा पहिला खर्डा मी कधी कधी खोलीत फिरत फिरत फोनला सांगते. हातांना सुटी मिळते, पायांना काम. पण तो आमचे ‘ळ’ गिळतो आणि गावांच्या नावांची वाट लावतो. मग दुरुस्तीला माऊस धरून बसावे लागते आणि वाचवलेले सगळे तिथे खर्च होते. नाटकाला तर ते चालतच नाही. सरदाराचे भाषण फोनला खणखणीत आवाजात सांगायला लागले की माई आतून विचारतात, “कोणाशी भांडतेस गो?”

११

या वेळेला एरवी मासळीवाली येते. तिची हाक आली की उठावेच लागते. पाटी उतरवायला हात द्यायचा, भाव करायचा, बांगडे निवडायचे, दहा मिनिटे जातात. श्रावणात घरात शिवराक, म्हणजे मासळी बंद, त्यामुळे गणेश चवथीपर्यंत माझी ही एक विश्रांती बुडते.

मी उठण्याची आठवण करून देणारी दोन-तीन ॲप वापरून पाहिली. त्यांचे आणि माझे जमले नाही. पडद्यावर घंटा वाजते, मी ‘पाच मिनिटांनी’ म्हणते, आणि ती निमूटपणे ऐकते. मासळीवाली ऐकत नाही. पोदेर थांबत नाही, पुढच्या वळणावर गेला की गेला. कामात बुडालेला माणूस स्वतःहून उठत नाही, त्याला बाहेरून कोणीतरी उठवावे लागते, आणि ते उठवणे टाळता येण्यासारखे असून चालत नाही, असे माझे मत झाले आहे. म्हणून मी माझे थांबे गावाच्या हाकांना बांधून टाकले. पाण्याची बाटलीसुद्धा टेबलावर ठेवत नाही. तहान लागली की स्वयंपाकघरापर्यंत जायचे. मोठ्या कंपन्या माणसाला सगळे जागेवर आणून देतात, चहासुद्धा. ती सोय नव्हे.

जुन्या टंकलेखन यंत्रावर हे आपोआप घडत असे. ओळ संपली की हाताने दांडा ओढायचा, पान संपले की कागद काढायचा, कार्बन लावायचा, नवा चढवायचा. दर काही मिनिटांनी हात, खांदा, नजर यांची जागा बदलायची. त्या यंत्रांवर बोटे दुखत, ते खरे. कळा जड असत. पण संगणकाने ते सगळे बारीक व्यत्यय काढून टाकले आणि त्यालाच आपण वेग म्हणू लागलो.

मासळीवालीच्या जागी आज मी पडवीत जाऊन उभी राहते. समोर कुळागर, पोफळींचे शेंडे. डोळ्यांच्या डॉक्टरांचा साधा नियम आहे. दर वीस मिनिटांनी, वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे बघायचे. जवळचे बघताना डोळ्यातले बारीक स्नायू आवळलेले असतात, दूर बघितले की ते सैल पडतात. शिवाय पडद्याकडे बघताना आपण पापण्या मिटायचे विसरतो. एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा मिटणारी पापणी तिथे पाच-सात वेळांवर येते. डोळे चुरचुरतात ते पडद्याच्या उजेडाने कमी आणि या कोरडेपणाने जास्त. निळा उजेड अडवणाऱ्या महागड्या काचा मी घेतल्या नाहीत. ताणाला त्यांचा उपयोग होतो असे म्हणायला पुरावा फारसा नाही. पोफळी फुकट आहेत.

११.४०

लाइट गेली. इन्व्हर्टर आहे, पण तो माईंच्या पंख्यासाठी. मी छत्री घेऊन शेजारच्या चित्रशाळेत जाते.

चवथ पंधरवड्यावर आली. चित्रशाळेत गणपती दाटीवाटीने उभे आहेत, काहींना रंग, काही नुसते मातीचे. मूर्तिकार भाऊ दोन महिने सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात, तरी कामात स्वतः वळत नाहीत, मूर्ती फिरवतात. ती फिरत्या पाटावर असते. डोळे आखायची वेळ आली की मूर्ती उचलून स्टुलावर, तिची नजर आपल्या नजरेसमोर येईल अशी. वाकून डोळे आखले तर ते तिरके येतात, म्हणाले. मानेचा विचार त्यांनी केलेला नव्हता, पण मानेला त्याचा लाभ झालाच. मधे मधे माती तिंबायला उठावे लागते तेही बरे. कंबर मात्र त्यांचीही दुखते. चवथ झाली की आठ दिवस कोणाला भेटत नाहीत.

१ ते ३

भात, मुगागाठी, सोलकढी. मग आडवे पडणे. गोव्यात दुपारी दुकाने बंद असतात यावर बाहेरचे लोक विनोद करतात. करू देत. अर्धा-पाऊण तास पाठ जमिनीला लागली की दिवसभर दाबल्या गेलेल्या चकत्यांवरचा भार उतरतो, आणि दुपारनंतर माझ्या चुका कमी होतात. गुडघ्यांखाली उशी, डोक्याखाली पातळ. फोन पलीकडच्या खोलीत. पडल्या पडल्या छातीवर फोन धरून पाहणे म्हणजे मानेची तीच शिक्षा, फक्त आडवी.

३

दुपारी कौलांमधल्या काचेच्या नळ्यातून उजेडाचा झोत थेट टेबलावर उतरतो. पाऊस उघडला तर पडद्यात पोफळीच दिसतात, अक्षरे नाहीत. मग माणूस नकळत मान वाकडी करतो, पुढे सरकतो. म्हणून टेबल खिडकीला काटकोनात लावले आहे, आणि नळ्याखाली एक जुनी चटई बांधली आहे. घरच्यांना ती कुरूप वाटते.

हा मुद्रितशोधनाचा वेळ. चाळिशीचा चष्मा इथे मोठी खोड करतो. दुभिंगी काचेत जवळचे खालच्या भागातून दिसते, आणि पडदा असतो समोर. मग हनुवटी वर, मान मागे. चष्म्याच्या दुकानात मी हातभर अंतर मोजून सांगितले आणि त्याच अंतराचा साधा एकभिंगी चष्मा करून घेतला. तो फक्त टेबलाचा. मूळ वही बाजूला आडवी ठेवत नाही, ज्ञानेश्वरी ठेवायच्या घडीच्या व्यासपीठावर पडद्याला चिकटून उभी करते. नाहीतर मान दिवसभर डावीकडे खाली, उजवीकडे वर, असा झोपाळा.

छापील पाने मात्र मी उभ्याने वाचते, स्वयंपाकाच्या ओट्यावर. उभे राहणे हाही रामबाण नाही. माझी पुतणी पेडण्याला राहते, विमानतळावर एका विमान कंपनीच्या काउंटरवर पाळीभर संगणकापुढे उभी असते. तिच्या पोटऱ्या दुखतात, माझी कंबर. फोनवर आम्ही एकमेकींची दुखणी अदलाबदलीला काढतो, सौदा ठरत नाही.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर १७०० साली एक ग्रंथ लिहिला. १७१३च्या आवृत्तीत त्याने लेखनिक-कारकुनांची भर घातली. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली आहेत. सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने न थांबणारी हालचाल, आणि चुका होऊन मालकाचे नुकसान होईल या धास्तीने मनावर येणारा ताण. तीनशे वर्षे होऊन गेली, बोरूचा कळफलक झाला, यादी तीच. पहिल्या दोन कारणांवर खुर्च्या, उशा, माऊस असा मोठा बाजार उभा राहिला. तिसऱ्यावर कोणी काही विकत नाही.

आणि मला तर तिसरेच जास्त छळते. आमच्या धंद्यात पैसे पानामागे मिळतात. पानामागे पैसे म्हणजे उठले तर कमाई थांबली. पडवीत घालवलेली पाच मिनिटे माझ्या खिशातून जातात. युरोपात १९९० सालच्या एका निर्देशाने पडद्यापुढच्या कामात अधूनमधून खंड किंवा कामात बदल देणे मालकावर बंधनकारक केले, डोळ्यांची तपासणीही. त्यासाठी मालक लागतो. घरी बसून पानामागे काम करणाऱ्या बाईचा मालक कोण? म्हणून मी दर ठरवतानाच विश्रांती त्यात धरते. तासाला किती पाने होतात याचा हिशोब पन्नास मिनिटांचा करते, साठ मिनिटांचा नाही. आणि ‘आज रात्रीच हवे’ या कामाला दीडपट. दीडपट ऐकले की बहुतेकांची घाई ओसरते. पाठीसाठी मी आजवर केलेल्या उपायांत सर्वात गुणकारी हाच ठरला, आणि एकाही व्यायामाच्या तक्त्यात तो नाही.

५

संध्याकाळचा पोदेर. फाटक. तिथेच उभ्या उभ्या दोन-तीन हालचाली. हनुवटी सरळ मागे न्यायची, दोन्ही खांद्यांची पाती पाठीमागे जवळ आणायची, हात पुढे करून दुसऱ्या हाताने बोटे हलके मागे ओढायची. सुरुवातीला पोदेर बघत असे, आता बघत नाही.

पाऊस नसेल तर मयेच्या तळ्याकडे चालत. वाटेत ओळखीचे भेटतात आणि प्रत्येक जण एक उपाय सांगतो. माईंचा उपाय ठरलेला आहे, “धारगळला जाऊन ये.” पेडणे तालुक्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या केंद्राचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये, मोपा विमानतळाबरोबर एकाच दिवशी झाले. तिकडे मान-पाठीचे रुग्ण पुष्कळ जातात. तेल-शेकाने बरे वाटतेच. पण शेकलेली पाठ घेऊन परत त्याच उंच टेबलापुढे बसायचे असेल तर आधी पाट घ्यावा, असे मी माईंना सांगते. माई म्हणतात, पाट घे आणि धारगळलाही जा.

७

दिवाबत्ती. वाड्यावर घुमट आरतीची तालीम सुरू झाली आहे. लॅपटॉप बंद. मुलगी सोप्यावर वाकून फोनमध्ये डोके घालून बसलेली असते. तिला ताठ बस म्हणत नाही, फोन वर उचलायला सांगते. ताठ बस म्हटले की ती एक मिनिट ताठ बसते, फोन उचलला की हात दुखतो आणि ती आपसूक बाजूला ठेवते.

९.३०

झोपताना उजव्या मनगटाला पट्टा बांधते. मागे कधीतरी रात्री अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होऊन जाग येऊ लागली होती. करंगळी शाबूत. या खुणेवरून डॉक्टरांनी ओळखले की मनगटाच्या बोगद्यातून जाणारी नस दाबली जाते आहे. करंगळी बधिर होत असती तर दोष बहुधा कोपराकडे शोधावा लागला असता, टेबलाच्या कडेवर कोपर रेटून बसणाऱ्यांना तो त्रास होतो. झोपेत मनगट दुमडून नस आणखी दाबली जाते, म्हणून पट्टा रात्री. त्याने बधिरपणा गेला. मुंग्या येऊनही महिनोन्महिने नुसते बाम चोळत बसणारे लोक मला माहीत आहेत. अंगठ्याच्या बुडाचे मांस झिजू लागले, हातातून वस्तू पडू लागल्या की उशीर झालेला असतो.

फोन वाजतो. पेडण्याहून मास्तर.

“बाय, तिसरा अंक झाला?”

“दुसरा झाला, मास्तर. तिसरा शुक्रवारी.”

“शुक्रवारी? पोरं पाठांतराला बसलीत गो. उद्या नाही होणार?”

“होईल की. दीडपट पडेल.”

पलीकडे जरा वेळ काही ऐकू येत नाही. मग मास्तर म्हणतात, “शुक्रवारीच दे. पहिलाच अंक अजून कोणाला पाठ नाही.”